नीस ते व्हेंतिमिलिया : बागा आणि डोंगरगावं पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीमुळे गेली काही वर्षं मी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर राहते. पुण्या-मुंबईचे, कोकणातले नातेवाईक आणि त्यांचे ओळखीचे सहलीचा बेत आखायला लागले की तेच ते प्रश्न येतात. दर वेळी नव्याने उत्तर देण्यापेक्षा सगळं एका ठिकाणी लिहून ठेवलं आहे. सुरुवातीचे प्रश्न सगळ्यांसाठी आहेत, अडनिडे प्रश्न शेवटी आहेत.

१. हा किनारा नेमका कुठून कुठपर्यंत? फ्रान्सच्या सहलीत इटली कशी आली?

इथे मी नीस शहरापासून पूर्वेला इटलीतल्या व्हेंतिमिलियापर्यंतचा पट्टा धरला आहे. रेल्वेने हे अंतर तासाभराचं. आल्प्स पर्वत इथे थेट समुद्रात उतरतो, त्यामुळे सपाट जमीन फार कमी. थंड उत्तरेचे वारे डोंगर अडवतो आणि समुद्र ऊब धरून ठेवतो, म्हणून हिवाळ्यातही लिंबं पिकतात.

सरहद्द तशी अलीकडची आहे. नीस १८६० पर्यंत सार्डिनियाच्या राज्यात होतं. मांतों आणि रोकब्रुन ही गावं मोनॅकोची होती, १८६१ मध्ये ती फ्रान्सकडे आली. डोंगर, दगड, ऑलिव्ह, जेवण, सगळं दोन्हीकडे सारखंच. इथली माझी सगळ्यात आवडती बाग इटलीत आहे (प्रश्न ६), म्हणून सहल सरहद्दीवर थांबवू नका.

२. कधी यावं? मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत चालेल का?

चालेल, आणि उत्तम चालेल. युरोपातली बहुतेक ठिकाणं आपल्या सुट्टीत अजून गारठलेली असतात, पण या बागांचा खरा बहर एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असतो. एप्रिलमध्ये विस्टेरियाचे जांभळे घोस, मेमध्ये गुलाब. ऊन असतं, पण आपल्या मेसारखं भाजत नाही.

एक अडचण मात्र लक्षात ठेवा. मेच्या मध्यावर कानचा चित्रपट महोत्सव असतो आणि मे-जूनच्या सांध्यावर मोनॅकोची मोटार शर्यत. त्या दिवसांत हॉटेलांचे दर अवाच्या सवा वाढतात. तारखा आधी बघून घ्या.

जुलै-ऑगस्ट मात्र टाळा. त्याचं कारण केवळ गर्दी नाही. या बागा ज्यांनी लावल्या ते इंग्रज, रशियन, फ्रेंच श्रीमंत लोक थंडी टाळायला इथे येत. १८६४ मध्ये नीसला रेल्वे आली आणि हा ओघ वाढला. मे सरला की मंडळी आपापल्या देशी परतत. म्हणजे झाडांची निवडच मुळी हिवाळ्यात आणि वसंतात फुलण्यासाठी केलेली आहे. ऑगस्टमध्ये बाग अर्धी झोपलेली असते, आणि मग लोक म्हणतात की एवढं ऐकलं होतं, तसं काही दिसलं नाही.

फेब्रुवारीही सुंदर असतो. तेव्हा डोंगर मिमोझाच्या पिवळ्या फुलांनी भरून जातात. मिमोझा मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि आपल्या बाभळीच्या गोत्रातला. तसेच पिवळे गोंडे, फक्त झाडभर. लिंबांच्या उत्सवासाठी प्रश्न ११ पाहा.

३. किती दिवस लागतील?

पाच दिवस धरा. दिवसाला एक बाग आणि एक गाव, यापेक्षा जास्त नको. सकाळी बाग, दुपारी जेवण, उतरत्या उन्हात गाव. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात एझ हे डोंगरमाथ्यावरचं गाव, मोनॅको आणि नीस एका दिवसात उरकलेले दिसतात. त्यात एझला पाऊण तास मिळतो, आणि त्यातला अर्धा वेळ वाहनतळापासून चढण्यात जातो.

४. मुक्काम कुठे करावा?

बहुतेक जण नीसला राहतात. विमानतळ तिथेच आहे, ट्राम विमानतळावरून थेट शहरात येते आणि जेवणाची सोय मुबलक आहे. तरीही सहल बागांसाठीच असेल तर मी मांतों सुचवेन. गाव शांत, इटली दहा-बारा मिनिटांवर, आणि सेर द ला मादोन व व्हाल रामे या दोन सुंदर बागा गावातच. दोन मुक्काम करता आले तर आधी नीस, मग मांतों.

५. गाडी भाड्याने घ्यावी का?

शक्यतो नको. किनाऱ्याने रेल्वे धावते आणि गावांना बस आहेत. डोंगरातले रस्ते अरुंद आणि नागमोडी, वाहनं आपल्या उलट बाजूने, आणि गावाच्या आत गाडी जातच नाही. मेमध्ये एझच्या पायथ्याशी जागा शोधण्यात तास जाऊ शकतो.

रेल्वेचं कागदी तिकीट घेतलं असेल तर त्यावर यंत्रात शिक्का उमटवावा लागतो का, ते फलाटावर जाण्याआधी विचारून घ्या. लागत असून तो नसेल तर तिकीट असूनही दंड होऊ शकतो, आणि आपली मंडळी नेमकी इथेच अडकतात. बसचे क्रमांक अधूनमधून बदलतात, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनातल्या क्रमांकावर विसंबू नका. रविवारी डोंगरातल्या बस फार कमी असतात. परतीच्या शेवटच्या बसची वेळ चढण्याआधीच टिपून ठेवा.

६. एकच बाग पाहण्याइतका वेळ असेल तर कोणती?

तुम्हाला बागेत काय आवडतं त्यावर ते ठरेल.

आखीवरेखीव, राजवाड्यासारखं काही बघायचं असेल तर सां-झां-काप-फेरा इथली व्हिला एफ्रुसी द रोथशिल्ड. बेआत्रिस एफ्रुसी या बँकर घराण्यातल्या बाईंनी १९०५ मध्ये समुद्रात घुसलेल्या चिंचोळ्या भूशिराच्या पाठीवर ही जागा घेतली, सुरुंग लावून खडक सपाट केला आणि १९१२ पर्यंत गुलाबी रंगाचा वाडा उभा केला. १९३४ मध्ये त्या वारल्या आणि मृत्युपत्राप्रमाणे सगळं फ्रान्सच्या ललित कला अकादमीकडे गेलं. इथे नऊ बागा आहेत : फ्रेंच, स्पॅनिश, फ्लोरेंटाइन, जपानी, गुलाबांची, निवडुंगांची आणि अशाच आणखी. मधली फ्रेंच बाग जहाजाच्या डेकसारखी कल्पिली आहे. वाड्याच्या गच्चीवरून पाहिलं की डावी-उजवीकडे समुद्र आणि टोकाला छोटं देऊळवजा मंदिर दिसतं. माळ्यांना बाई खलाशांच्या टोप्या घालायला लावत. दर वीस मिनिटांनी संगीताच्या तालावर कारंजी नाचतात. मुलांना हे फार आवडतं.

झाडांची खरी आवड असेल तर मात्र सरहद्द ओलांडून ला मोर्तोलाच्या हॅनबरी बागेत जा. टॉमस हॅनबरी हा इंग्रज व्यापारी शांघायमध्ये पैसा कमावून आला आणि १८६७ मध्ये त्याने हा अख्खा उतार विकत घेतला. भाऊ डॅनियल वनस्पतीजन्य औषधांचा अभ्यासक होता, त्याची मदत झाली. अठरा हेक्टरांचा उतार रस्त्यापासून थेट लाटांपर्यंत जातो. जगभरातून आणलेली झाडं, आणि त्यांच्यामध्ये जुन्या शेतकऱ्यांचे ऑलिव्ह आणि लिंबं तशीच राखलेली. बागेच्या खालच्या अंगाला व्हिया जूलिया आउगुस्ता या रोमन रस्त्याचा तुकडा आहे, त्यावरून आजही चालता येतं. लंडनजवळची विझली बाग १९०३ मध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीला देणारा हॅनबरी तो हाच. बाग आज जिनोआ विद्यापीठ सांभाळतं. एफ्रुसीइतकी ती लखलखीत नाही, कुठे गवत वाढलेलं दिसेल, पण तीन तास कसे जातात कळत नाही.

७. आई-बाबांना गुडघ्यांचा त्रास आहे. कुठे न्यावं, कुठे नेऊ नये?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि मी त्याचं उत्तर अनुभवाने शिकले.

आईला पहिल्या वर्षी हॅनबरी बागेत नेलं. प्रवेशद्वार वर रस्त्यावर आहे. तिथून पायवाटा वळणं घेत खाली जातात, आणि उतरताना कुणालाच काही वाटत नाही. आई पुढे, मी मागे. समुद्रापर्यंत पोचलो, पाण्याजवळ बसलो. उठताना तिने वर पाहिलं आणि म्हणाली, "अगं, एवढं सगळं परत चढायचं?" शंभरेक मीटरची उभी चढण होती. बाहेर पडायचं दारही तेच, वरचं. दर वळणावर थांबत आम्हाला दीड तास लागला. त्यानंतर ती दोन दिवस खोलीतून हलली नाही. चूक सर्वस्वी माझी होती. नकाशावर उंचीच्या रेषा होत्या, मी त्या पाहिल्याच नव्हत्या.

म्हणून सांगते. हॅनबरीत ज्येष्ठांना न्यायचंच असेल तर वरच्या तिसऱ्या भागातच फिरा आणि तिथूनच मागे वळा. एझ गाव म्हणजे उंचसखल दगडी पायऱ्याच, कठडा सगळीकडे नाही, आणि निवडुंगांची बाग सर्वांत वरच्या टोकाला. तिथे न नेलेलं बरं. एफ्रुसीचा तळमजला आणि मधली बाग सपाट आहे, तिथे निवांत अर्धा दिवस जातो. मांतोंतली व्हाल रामे बाग लहान आहे, थोडं चढ-उतार असलं तरी झेपतं. गावांपैकी सां-पोल-द-व्हांसचा मुख्य रस्ता सगळ्यांत सौम्य.

बूट रबरी तळव्याचे हवेत. शतकानुशतकांच्या पावलांनी दगड गुळगुळीत झाले आहेत आणि पाऊस पडला की निसरडे होतात.

८. निवडुंग नि घायपात बघायला इतक्या लांब कशाला यायचं? ते तर आपल्या बांधावरही आहे.

रास्त प्रश्न आहे. एझच्या बागेत शिरल्यावर आपल्या माणसाच्या तोंडी पहिलं वाक्य हेच येतं. दोन्ही झाडं मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे आली तशी इथेही पाहुणी म्हणून आली, आणि दोन्हीकडे घरचीच होऊन गेली.

बघण्यासारखं आहे ते त्यांना लावलंय कुठे ते. एझचा किल्ला चौदाव्या लुईच्या हुकुमाने १७०६ मध्ये पाडला गेला. सव्वाचारशे मीटर उंचीवरचे ते उघडे अवशेष अडीचशे वर्षं तसेच पडून होते. १९४९ मध्ये गावाने तिथे बाग करायला घेतली. वर गाडी जात नव्हती, म्हणून माती आणि रोपं माणसांनी पाठीवरून वाहून नेली. खडकाच्या फटीत जे जगेल तेच लावायचं होतं, म्हणून निवडुंग. हवा स्वच्छ असेल तेव्हा वरून थेट कॉर्सिका बेटाची रेघ दिसते.

घायपातीकडेही जरा थांबून पाहा. जुन्या पानांवर शेजारच्या पानाच्या काट्यांचा ठसा उमटलेला असतो. पान कोंबात गुंडाळलेलं असताना बसलेला तो दाब आयुष्यभर राहतो. हे मी गावी लहानपणापासून शेकडो वेळा पाहून न पाहिलेलं, इथे पहिल्यांदा पाहिलं.

९. ही गावं एवढ्या उंचावर का वसवली? खाली समुद्राकाठी जागा नव्हती का?

भीतीपोटी. दहाव्या शतकात पश्चिमेला फ्राक्सिनेत इथे अरबी हल्लेखोरांचा तळ होता आणि तिथून किनाऱ्यावर धाडी पडत. पुढची काही शतकं उत्तर आफ्रिकेचे चाचे येत राहिले. १५४३ मध्ये तर फ्रेंच आणि ऑटोमन आरमारांनी मिळून नीसला वेढा घातला. पाण्यावर शीड दिसलं की दारं लावून घ्यायची, हा गावाचा नियम. म्हणून घरं एकमेकांना चिकटलेली, बाहेरच्या घरांच्या भिंती म्हणजेच तटबंदी, गल्ल्या अंधाऱ्या आणि वाकड्या. आपल्या गडांच्या माच्यांवर फिरलेल्या माणसाला हे लगेच कळतं.

दुसरं कारण पोटाचं. पिकाऊ जमीन मुळातच थोडी होती, ती घरांखाली कोण घालवणार? आणि किनाऱ्याच्या दलदलीत हिवताप होता.

गावाभोवतीच्या उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेती दिसेल. तिच्या भिंती चुना-सिमेंट न वापरता नुसता दगडावर दगड बसवून रचलेल्या आहेत. कोकणात याला गडगा म्हणतात. गुडघे बरे झाल्यावर आईला सेर द ला मादोनमध्ये नेलं. फुलांच्या आधी तिचा हात भिंतीवर गेला. दोन दगडांच्या फटीत बोटं घालून म्हणाली, "गडगा नीट लावलाय. पाणी जायला वाट ठेवलीये." नेमकं तेच. भिंतीत फटी नसत्या तर पहिल्याच मोठ्या पावसात मागची माती फुगून सगळं खाली आलं असतं. या कारागिरीची २०१८ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली, आठ युरोपीय देशांच्या नावावर, त्यात फ्रान्स आणि इटली दोन्ही आहेत.

मला वाटतं, या किनाऱ्यावरच्या बागा बघताना हे सतत मनात असायला हवं. सेर द ला मादोन १९२४ मध्ये लॉरेन्स जॉन्स्टनने विकत घेतली. इंग्लंडमधली हिडकोटची प्रसिद्ध बाग त्याचीच. इथेही त्याने चीनपासून आफ्रिकेपर्यंतची झाडं आणली, पण ती लावली कशावर? ऑलिव्हवाल्या शेतकऱ्यांच्या पायऱ्यांवर. हॅनबरीचंही तेच. श्रीमंतांची नावं दारावर आहेत, पण बाग तोलून धरली आहे ती निनावी लोकांच्या गडग्यांनी. गाव आणि बाग एकाच दिवशी पाहायला सांगते ते म्हणूनच.

१०. एझला खालून पायी चढता येतं असं ऐकलं. जमेल का? आणि गर्दी नसलेलं दुसरं गाव आहे का?

एझ-सुर-मेर रेल्वे स्थानकासमोरून पायवाट निघते. तिला नीत्शेचं नाव आहे. हा जर्मन तत्त्वज्ञ १८८३ पासून काही हिवाळे नीसला राहिला आणि या वाटेने चढत असे. चढण सिंहगडापेक्षा कमी, पण वाट दगडगोट्यांची आणि बरीचशी उघड्यावर. दीड तास धरा. सकाळी लवकर निघा, माणशी लिटरभर पाणी घ्या, उतरताना बस पकडा. दरड किंवा दुरुस्तीमुळे वाट कधीकधी बंद असते, स्थानकाबाहेरचा फलक वाचूनच पाऊल टाका.

गर्दी टाळायची तर सेंत-आन्येसला जा. मांतोंहून बस वर जाते. सुमारे ७८० मीटर उंची, आणि किनाऱ्यालगतचं युरोपातलं सर्वांत उंच गाव म्हणून ते ओळखलं जातं. वर पडक्या किल्ल्यात मध्ययुगीन पद्धतीची छोटी बाग आहे आणि गावाच्या पोटात १९३० च्या दशकातला, फ्रान्सच्या माजिनो संरक्षण फळीचा भुयारी किल्ला.

रोकब्रुनलाही गर्दी कमी. गावाबाहेरच्या पायवाटेवर एक अवाढव्य ऑलिव्ह आहे. त्याचं वय दोन हजार वर्षांहून जास्त सांगतात. खोड एक उरलेलंच नाही, मुळांची आणि बुंध्यांची एक भिंतच झाली आहे. खाली समुद्रावर ल कोर्बुझिएची लाकडी झोपडी आहे, ३.६६ मीटर लांब, तेवढीच रुंद. चंदिगड रचणारा वास्तुकार उन्हाळे इथे काढत असे. १९६५ मध्ये इथेच पोहताना तो गेला आणि रोकब्रुनच्या दफनभूमीत विसावला. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याच्या वास्तूंची जी एकत्र नोंद केली, तीत ही झोपडी आणि चंदिगडचं कॅपिटॉल संकुल एकाच यादीत आहेत. आत जायला आधी नोंदणी लागते, वाटाड्यासोबतच सोडतात.

सां-पोल-द-व्हांसला गर्दी असतेच, पण चित्रकार मार्क शागालची साधी कबर आणि गावाबाहेरचं १९६४ चं माग प्रतिष्ठान हे आधुनिक कलेचं संग्रहालय या दोन गोष्टींसाठी तिथे जावं. प्रतिष्ठानात स्पॅनिश कलावंत मिरोने केलेली शिल्पं पाइनच्या झाडांत मांडली आहेत.

११. मांतोंच्या लिंबांचं एवढं कौतुक का? उत्सव बघण्यासारखा असतो का?

हे लिंबू आपल्या कागदी लिंबासारखं नाही. मोठं, लांबट, जाड सालीचं, आणि आंबटपणा सौम्य. इथले लोक सालीसकट पातळ चकत्या करून मीठ-तेल लावून खातात. बाजारात एक घ्या, नखाने साल खरवडा आणि वास घ्या. २०१५ पासून या लिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आपल्या हापूसला आहे तसं.

उत्सव फेब्रुवारीत, १९३४ पासून. सुमारे १४० टन लिंबं-संत्री रबराच्या कड्यांनी सांगाड्यांवर अडकवून मोठमोठे देखावे करतात. मुलांसाठी मजा आहे. मात्र ती फळं बहुतांश स्पेनहून येतात. मांतोंचं लिंबू देखाव्यात वाया घालवण्याइतकं स्वस्त नाही.

१२. शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय?

काळजी नको, पण डोळे उघडे ठेवा. नीसचा सोक्का म्हणजे हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ. मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, वर मिरपूड. आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त हळद-मिरची नाही. गरमच खावं. पालकासारख्या ब्लेत भाजीचा 'तूर्त' (सारण भरून भाजलेला पाय) आणि बार्बाजुआं हे तळलेले मोदकाएवढे पुडे बहुतेक शाकाहारी असतात, तरी विचारून घ्या.

फसवतात ते हे : कांद्याचा पिसालादिएर शाकाहारी दिसतो, पण त्यात अँकोव्ही ही खारवलेली मासळी असते. सालाद निस्वाझमध्ये आणि पां बान्या या पावात मासा असतोच. भरलेल्या भाज्यांत मांस असतं. "सां व्हियांद, सां प्वासों" म्हणजे मांस नको, मासा नको. एवढं पाठ करा. डोंगरगावांत जेवण दुपारी बारा ते दोन, नंतर स्वयंपाकघर बंद. आपल्याला उशिरा जेवायची सवय असते, म्हणून पिशवीत काही तरी असू द्या.

१३. ग्रास या अत्तरांच्या गावाला जावं का?

अत्तरांत रस असेल तर एक दिवस जरूर. मेमध्ये तिथे गुलाबाची तोडणी असते. जाईची ऑगस्टपासून, आणि ती पहाटेच करतात. तिथली जाई म्हणजे आपल्याकडची चमेली-जाईचीच जात, आशियातूनच तिकडे गेलेली. ग्रासच्या अत्तरविद्येला २०१८ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. शेतांत मात्र सहसा ठरवूनच जाता येतं.

१४. मुक्काम फ्रान्समध्ये आणि एक-दोन दिवस इटलीत. व्हिसा कुणाकडे मागायचा?

जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार, त्याच्याकडे. मांतोंत राहून हॅनबरी बघून संध्याकाळी परत आलात तर इटलीची एकही रात्र होत नाही, म्हणजे फ्रान्सचा व्हिसा. दोन्ही देश शेंगेन या एकाच व्हिसाच्या युरोपीय क्षेत्रात आहेत, त्यामुळे एकदाच प्रवेशाच्या व्हिसावरही हे चालतं. मोनॅकोत जायलाही वेगळं काही लागत नाही.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेची सहल असेल तर जानेवारीतच भेटीची वेळ घ्या, मार्चनंतर ती मिळणं अवघड होतं. शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा.

१५. एका दिवसासाठी सरहद्द ओलांडताना पासपोर्ट जवळ हवा का? हॉटेलात ठेवला तर?

जवळच ठेवा, मूळ प्रत. शेंगेनमध्ये तपासणी नसते असं सगळे सांगतात, पण २०१५ पासून इटलीहून येणाऱ्या गाड्या फ्रान्समध्ये शिरल्यावर मांतों-गाराव्हां स्थानकावर पोलीस डब्यात चढतात. रांगेने सगळ्यांना विचारतीलच असं नाही, आपल्याला मात्र बहुतेक वेळा विचारतात. पासपोर्ट आणि व्हिसा दाखवला की अर्ध्या मिनिटात पुढे जातात. मोबाइलमधला फोटो दाखवून सुटका होईल याची खात्री धरू नका.

१६. बागांतले पाम वृक्ष मध्येच वाळलेले, शेंडा गळालेले का दिसतात?

कोकणातला वाचक हे लगेच ओळखेल : सोंड्या भुंगा. आपल्याकडे माड पोखरतो तोच. मूळचा आशियातला, रोपांच्या व्यापारातून भूमध्य प्रदेशात पसरला आणि २००६ च्या सुमाराला या किनाऱ्यावर आला. आत अळी शेंडा खात जाते, वरून काही कळत नाही, आणि एक दिवस छत्री मिटावी तशी झावळं खाली पडतात. शंभर वर्षांची कॅनरी पामची झाडं अशी गेली. खोडाला छिद्रं पाडलेली किंवा शेंड्याशी नळ्या लावलेल्या दिसल्या तर उपचार चालू आहेत असं समजा.

१७. बी, रोप किंवा फांदीचा तुकडा घरी नेता येईल का?

नाही. बागेतून तोडू तर नकाच, विकत घेतलेलं रोपही भारतात नेण्यासाठी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नियम उगाच नाहीत. ऑलिव्हला मारणारा झायलेला हा जिवाणू २०१९ मध्ये मांतोंपर्यंत पोचला. आणि प्रश्न १६ मधला भुंगाही असाच रोपांसोबत गेला होता. लिंबाचा मुरंबा न्या, तो निर्धास्त नेता येतो.

१८. खाजगी बागा बघायला मिळतात का? विद्यार्थ्यांना सवलत असते का?

जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी फ्रान्सभर बागांचा उत्सव असतो. एरवी बंद असलेली काही दारं त्या वेळी उघडतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिन असतो. आंतिबमधली व्हिला त्युरेची वनस्पती बाग संशोधन संस्थेची आहे, ती कामाच्या दिवशी फुकट पाहता येते.

फ्रान्समध्ये शिकणाऱ्या मुलांनी एक लक्षात ठेवावं. बोलिउतली व्हिला केरिलोस हे प्राचीन ग्रीक घराच्या धर्तीवर १९०८ मध्ये पूर्ण झालेलं घर राष्ट्रीय स्मारकांच्या यंत्रणेकडे आहे. तिथे २६ वर्षांखालच्या रहिवाशांना प्रवेश मोफत असतो, आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावरचे विद्यार्थीही त्यात येतात. व्हिसाचा कागद दाखवा.

१९. बागेत प्री-वेडिंगचे फोटो काढता येतील का?

मोबाइलवर आपले आपण काढा. छायाचित्रकार, कपडे बदलणं, दिव्यांचे स्टँड असलं काही असेल तर लेखी परवानगी आणि शुल्क लागतं. ड्रोन नको.

२०. ऑक्टोबरात दिवाळीच्या सुट्टीत आलो तर?

गावं रिकामी असतात, उजेड मऊ असतो, हॉटेलं स्वस्त. पण इथला पाऊस याच दिवसांत येतो आणि तो आपल्या आषाढासारखा दिवसचे दिवस रिपरिपत नाही, काही तासांत कोसळतो. ३ ऑक्टोबर २०१५ ला कानच्या परिसरात आणि २ ऑक्टोबर २०२० ला रोया-व्हेझुबीच्या खोऱ्यांत पुराने माणसं गेली.

हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बागा बंद होतात, बस थांबतात. त्या दिवशी तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्या, डोंगरात जाऊ नका आणि ओढ्याकाठी, तळघरातल्या वाहनतळात मुळीच थांबू नका. इशारा उठल्यावर एक दिवस सोडून बागेत जा. गडग्यांच्या फटींतून तेव्हा अजून पाणी झिरपत असतं.